घसा दुखतोय: घरगुती उपायांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जूनमधला पहिला पाऊस पडला की, आणि पुन्हा दिवाळीनंतर पहाटेचा गारवा सुरू झाला की, दवाखान्यात घसा धरलेल्यांची रांग लागते. फोनवरही तेच ते प्रश्न येत राहतात. ते इथे एकत्र केले आहेत, लोक विचारतात त्याच शब्दांत. एक गोष्ट आधी सांगते, कारण पुढची बहुतेक उत्तरं तिच्यावर उभी आहेत: घरगुती उपायांनी घशाचं दुखणं कमी होतं, जंतू मरत नाहीत. बहुतेक वेळा तेवढं पुरतं, कारण बहुतेक घसादुखी विषाणूंमुळे होते आणि शरीर ती आपली आपण निस्तरतं. जिथे तेवढं पुरत नाही, त्या जागा प्रश्न १० पासून पुढे आहेत. त्या भागाकडे कृपा करून दुर्लक्ष करू नका.

१. घसा खूप दुखतोय, गिळताना काटे टोचल्यासारखं होतंय. आज रात्रीपुरतं काय करू?

कोमट मीठपाण्याच्या गुळण्या करा (प्रमाण प्रश्न २ मध्ये). रात्री पातळ, कोमट काहीतरी खा: मुगाचं वरण आणि मऊ भात, किंवा तांदळाची पेज थोडं तूप घालून. झोपताना एक चमचा मध चाटा. एवढं करूनही झोप लागत नसेल, तर मोठ्या माणसाने ५०० मिलिग्रॅमची पॅरासिटामॉलची एक गोळी घ्यायला हरकत नाही. गोळी आणि गुळण्या बरोबरीने चालतात. पावसाळ्यात अंगात ताप असेल तर आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिन मनाने घेऊ नका. तो ताप डेंग्यूचा निघाला तर या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. सोळा वर्षांखालच्या मुलांना ॲस्पिरिन एरवीही द्यायचं नसतं.

२. मिठाच्या गुळण्या करतो, पण फरक पडत नाही. चुकतं कुठे?

बहुतेक जण तीन ठिकाणी चुकतात.

पहिलं, प्रमाण. एक पेला (साधारण २५० मिलिलीटर) कोमट पाण्यात चहाचा अर्धा चमचा मीठ, सपाट. शिगेवर नको. हे पाणी आपल्या शरीरातल्या द्रवापेक्षा किंचित जास्त खारट होतं, त्यामुळे सुजलेल्या त्वचेतलं पाणी थोडं बाहेर ओढलं जातं, सूज उतरते, चिकट कफ सुटतो. मूठभर मीठ टाकलं म्हणजे जास्त गुण येतो असं अजिबात नाही. घसा कोरडा पडतो, मळमळतं आणि दुसऱ्या दिवशी माणूस गुळण्याच सोडून देतो.

दुसरं, पाण्याची उष्णता. मनगटावर ओतून बघा. तिथे चटका बसला तर घशालाही बसणार. 

तिसरं, पद्धत. तोंडात पाणी घोळवून थुंकणं ही चूळ झाली, गुळणी नाही. घोट घ्या, मान मागे करा, घशातून ‘आऽऽ’ असा आवाज काढत दहा-पंधरा सेकंद पाणी खळखळवा, थुंका. पेला संपेपर्यंत असं करा, दिवसातून तीन-चार वेळा. नंतर पंधरा मिनिटं काही खाऊपिऊ नका.

पाण्यात चिमूटभर हळद घातली तर चालेल. तुरटी घालण्याची पद्धत आहे, पण तुरटीने घसा आवळल्यासारखा होऊन कोरडा पडतो, मी ती सुचवत नाही. सैंधव आणि साधं मीठ यांत गुळण्यांपुरता फरक नाही, त्यामुळे उपासाच्या दिवशी सैंधव वापरा आणि निश्चिंत राहा.

आणि मीठही नसेल तर? साध्या पाण्याने करा. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका जपानी अभ्यासात ३८७ निरोगी माणसं घेतली होती. रोज निदान तीनदा साध्या पाण्याने गुळण्या करणाऱ्यांना सर्दी-घशाचा त्रास कमी झाला. आयोडीनच्या औषधाने गुळण्या करणाऱ्यांत मात्र तसा फायदा दिसला नाही.

३. मध गरम पाण्यातून घ्यावा की नुसता? खडीसाखरेने तेच काम होतं का?

नुसता चाटलेला मध घशावर जास्त वेळ टिकतो, म्हणून मी तोच सांगते. आयुर्वेदात मध तापवू नये असं सांगितलेलं आहे. एरवीही कढत पाण्यातला मध घशाला भाजतोच. पाण्यातून घ्यायचा तर पाणी पिण्याइतकं कोमट होऊ द्या, मग मध घाला. आल्याचा रस अर्धा चमचा आणि मध एक चमचा हे आपल्याकडचं जुनं चाटण चांगलं आहे. फक्त घशाला फोड आले असतील तर आल्याने झोंबतं. लिंबानेही तसंच होतं.

खडीसाखर चघळली की लाळ सुटते आणि घसा ओला राहतो. त्यामुळे दिवसा, विशेषतः बोलायचं काम असेल तर, ती सोयीची. रात्रीच्या खोकल्यासाठी मध बरा. लहान बाळांना मात्र दोन्ही नको, आणि मधाबद्दल तर प्रश्न ९ वाचल्याशिवाय बाटलीला हात लावू नका.

४. सासूबाई हळदीचं दूध देतात. दुधाने कफ वाढतो ना?

दुधाने कफ तयार होत नाही. दूध लाळेत मिसळलं की थोडा वेळ तोंडात दाटपणा जाणवतो, त्यालाच आपण कफ म्हणतो. तो दाटपणा नको वाटत असेल तर दुधात थोडं पाणी घाला. सासूबाईंना नाही म्हणू नका. कपभर दूध, पाव चमचा हळद, चिमूटभर मिरपूड, उकळून कोमट झाल्यावर.

मिरपूड का? हळदीतलं करक्युमिन आतड्यातून फारच थोडं रक्तात जातं. बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी १९९८ साली दाखवलं की मिरीतलं पिपेरिन सोबत असलं तर हे प्रमाण कितीतरी पटीने वाढतं. म्हणून घसा लगेच बरा होतो असं त्यातून सिद्ध होत नाही, पण कोमट, स्निग्ध दूध दुखऱ्या घशाला बरं वाटतं, पोटात काही जातं आणि झोप येते. आजारी माणसाला याहून जास्त काय हवं असतं?

५. ज्येष्ठमध, कंकोळ, लवंग, बेहडा: यातलं नेमकं काय तोंडात ठेवू?

आमच्या घरी फडताळात एक पत्र्याचा डबा असायचा, त्यात हे सगळं एकत्र. गाणाऱ्यांच्या आणि कीर्तनकारांच्या पिशवीतही हेच सापडतं. प्रत्येकाचा गुण वेगळा आहे.

ज्येष्ठमधाची बोटभर काडी चघळली की गोडसर, बुळबुळीत रस घशाला लागतो आणि खवखव थांबते. या उपायाला नुसत्या परंपरेपेक्षा जास्त आधार आहे. शस्त्रक्रियेसाठी भूल देताना घशात नळी घालतात, त्याने नंतर घसा दुखतो. लखनौच्या संजय गांधी पदव्युत्तर आयुर्विज्ञान संस्थेच्या डॉक्टरांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, भुलीच्या पाच मिनिटं आधी ज्येष्ठमधाच्या पाण्याने गुळण्या केलेल्या रुग्णांना हा त्रास कमी झाला. घरी करायचं तर अर्धा चमचा पूड कपभर कोमट पाण्यात ढवळून, गाळून गुळण्या करा.

लवंग दाताखाली धरली की जागा किंचित बधिर होते, ते त्यातल्या युजेनॉलमुळे. एक लवंग पुरे. लवंगेचं तेल घशाला थेट लावू नका, भाजतं. कंकोळ चघळल्यावर आधी तिखट आणि मग गार वाटतं. बोलण्याआधी घसा मोकळा करायला ते चांगलं, पण घसा सोलवटलेला असताना नको. बेहड्याची साल तुरट, ती ओल्या खोकल्यासोबतच्या घसादुखीत तोंडात धरतात.

एकच सावधगिरी, पण महत्त्वाची: ज्येष्ठमध रोज, आठवडेच्या आठवडे चघळला तर त्यातल्या ग्लिसिऱ्हिझिनने रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं. चार-पाच दिवस ठीक आहे. कुणी अजिबात घेऊ नये ते प्रश्न १५ मध्ये.

६. काढा दिवसातून किती वेळा प्यावा?

एकदा, फार तर दोनदा, अर्धा कप. एप्रिल २०२० मध्ये आयुष मंत्रालयाने सुचवलेल्या काढ्याचं प्रमाण असं होतं: तुळस चार भाग, दालचिनी दोन, सुंठ दोन, काळी मिरी एक. त्यातही मिरी सगळ्यांत कमी आहे, हे लक्षात घ्या. त्या काळात दिवसाला पाच-सहा पेले कडक काढा पिऊन छातीत जळजळ आणि तोंड आलेले कितीतरी जण माझ्याकडे आले. त्या जळजळीने घसा उलट जास्त दुखतो (प्रश्न १३). तिखट काढा सोसत नसेल तर गवती चहा आणि तुळशीची चार पानं उकळून प्या. घशाला कोमट घोट मिळणं महत्त्वाचं, तिखटपणा नाही.

गुळवेल मनाने महिनोन्महिने घेऊ नका. यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

७. वाफ घेऊ का?

नाक चोंदलं असेल आणि त्यामुळे तोंडाने श्वास घेऊन घसा कोरडा पडत असेल तर पाच मिनिटं घ्या, साध्या पाण्याची. घशातल्या संसर्गावर वाफेचा काही उपाय होत नाही. मुलांना उकळत्या पातेल्यावर चादर घेऊन बसवू नका. पातेलं कलंडून मांड्या भाजलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि त्या घसादुखीचा घरात दुसऱ्या दिवशी कुणाला विषयही आठवत नव्हता.

८. थंड पाणी, दही, केळं बंद करायचं का? मुलगा आइस्क्रीम मागतोय.

घसा विषाणूने दुखतो, केळ्याने नाही. मऊ केळं सहज गिळलं जातं, ताजं गोड दहीही. ते बंद करण्याचं कारण नाही. गारव्याने तर सुजलेली जागा काही वेळ बधिर होते. टॉन्सिल काढल्यावर मुलांना आइस्क्रीम देतात ते याचसाठी. दोन दिवस काही न खाल्लेला मुलगा आइस्क्रीम खायला तयार असेल तर द्या. ज्यांना गार खाल्ल्यावर खोकल्याची उबळ येते, उदाहरणार्थ दम्याची माणसं, त्यांनी टाळावं. टाळायचं ते तळलेलं, कडक चकली-फरसाण, धूर आणि उदबत्तीची कोंडलेली खोली.

९. बाळ आठ महिन्यांचं आहे. घसा बसलाय, आजी मध-वेखंड चाटवायचं म्हणतात. देऊ का?

नाही. एक वर्ष पूर्ण होईपर्यंत मधाचं बोटसुद्धा नको. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत, बाळाच्या आतड्यात रुजतात आणि विष तयार करतात. बाळ लुळं पडतं, दूध ओढत नाही, श्वासही अडकू शकतो. घरी उकळून हे बीजाणू मरत नाहीत. मध घरच्या पोळ्याचा असो की महागड्या बाटलीतला, नियम तोच.

वेखंडही नको. आणि मधातून टाकणखाराची लाही देण्याची रीत अजून काही घरांत आहे, ती कायमची थांबवा. टाकणखार लहान मुलांना विषारी आहे.

बाळाला अंगावरचं दूध थोडं थोडं, जास्त वेळा पाजा. सहा महिन्यांपुढच्या बाळाला उकळून कोमट केलेलं पाणी चमच्याने द्या. बाळ दूध घेत नसेल, लघवी कमी झाली असेल किंवा श्वास घेताना आवाज येत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

१०. व्हायरल आहे की इन्फेक्शन, हे घरी कसं ओळखू? शाळेतल्या मुलाला दाखवावं लागेल का?

या पानावरचं हे सगळ्यांत महत्त्वाचं उत्तर आहे.

विषाणूंच्या घसादुखीसोबत बहुधा सर्दी, शिंका, खोकला, बसका आवाज असतो. अशी घसादुखी पाच-सात दिवसांत जाते. दुसरा प्रकार स्ट्रेप्टोकोकस नावाच्या जंतूचा. तो ५ ते १५ वर्षांच्या मुलांत जास्त दिसतो. घसा एकाएकी दुखू लागतो, ताप चढतो, जबड्याखालच्या गाठी दाबल्या की दुखतात, टॉन्सिलवर पांढरे ठिपके दिसतात, आणि खोकला-सर्दी मात्र नसते. ताप आहे, खोकला नाही: मुलांच्या बाबतीत एवढं एक पाठ करून ठेवा. नक्की निदान मात्र डॉक्टरांनी तपासूनच होतं.

इतकं का सांगते? या जंतूची घसादुखीसुद्धा आठवड्याभरात आपोआप थांबते. गुळण्यांनी गुण आला असं वाटतं. मग दोन-तीन आठवड्यांनी मुलाचे सांधे दुखू लागतात, आज गुडघा, उद्या घोटा. याला संधिवाताचा ताप म्हणतात, आणि त्यात हृदयाच्या झडपांना इजा होऊ शकते. पुढे कितीतरी वर्षं काही कळत नाही. आपल्या देशात आजही एखाद्या तरुण बाईला पहिल्या गरोदरपणात दम लागतो, तपासणीत झडप आकुंचलेली निघते, आणि लहानपणी घसा दुखल्याचं कुणाला आठवतही नसतं.

हे टाळता येतं. घसा दुखायला लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलिन गटातलं औषध सुरू झालं तर संधिवाताचा ताप बहुतेक वेळा टळतो. म्हणजे पहिले एक-दोन दिवस घरी गुळण्या करत थांबायला जागा आहे, पण वर सांगितलेली लक्षणं असतील तर तिसरा दिवस उलटू देऊ नका. औषध बहुधा दहा दिवसांचं असतं. तिसऱ्या दिवशी मूल खेळायला लागतं, तरी दहाही दिवस पूर्ण करा.

११. औषधाच्या दुकानातून तीन दिवसांची अँटिबायोटिक आणून घेतली तर?

घेऊ नका. विषाणूवर तिचा परिणाम होत नाही. खरंच स्ट्रेप्टोकोकस असेल तर औषध आणि दिवस दोन्ही वेगळे लागू शकतात (प्रश्न १०). घरात उरलेल्या गोळ्यांबाबतही हेच.

१२. पडजीभ पडलीय म्हणून गावाकडे बोटाने उचलून देतात. करू का?

पडजीभ पडत नाही, सुजते. सुजल्यामुळे ती लांब होते, जिभेला टेकते आणि सतत आवंढा येतो. मीठ-हळद लावलेल्या बोटाने दाबल्यावर क्षणभर बरं वाटलं, तरी नखाने जखम होते आणि सूज वाढते. मुलाला ओकारी येऊन श्वास अडकू शकतो. मीठपाण्याच्या गुळण्या आणि गार घोट घेतले की एक-दोन दिवसांत ती मूळ जागी येते. सोबत अंगावर पित्त उठलं असेल किंवा ओठ सुजले असतील तर ती ॲलर्जी आहे. लगेच दवाखाना गाठा.

१३. ताप नाही, सर्दी नाही, पण रोज सकाळी उठल्यावर घसा दुखतो. काढ्यानेही जात नाही.

मग कारण बहुधा संसर्गाचं नाही. तीन गोष्टी तपासा. रात्री तोंड उघडं ठेवून झोपता का, घोरता का? पंखा किंवा एसी तोंडावर येतो का? रात्रीचं जेवण उशिरा होऊन लगेच आडवे होता का? शेवटचं असेल तर पोटातलं आम्ल घशापर्यंत येतं आणि घसा सकाळी जळतो, आवाज घोगरा होतो. अशांना मिरी-सुंठीचा काढा आणि पुदिना उलट बाधतात. जेवण झोपेच्या तीन तास आधी, पलंगाची डोक्याकडची बाजू विटेएवढी उंच, रात्री तिखट-तेलकट कमी, एवढं पंधरा दिवस करून बघा. थंड देशांत राहणाऱ्या आपल्या लोकांना हीटरच्या कोरड्या हवेनेही असंच होतं. खोलीत ओलावा राहील असं बघणं हाच तिथला उपाय.

१४. मी शिक्षिका आहे. आवाज पूर्ण बसलाय, उद्या वर्ग आहे.

उद्या बोलू नका. आवाजाला विश्रांतीशिवाय दुसरं औषध नाही. कुजबुजूही नका, त्यानेही स्वरतंतूंवर ताण येतो. अगदी गरज पडली तर हळू, नेहमीच्या सुरात दोन शब्द. सारखं खाकरून घसा साफ करू नका, घोटभर पाणी प्या. दिवसभर पाणी, दुपारी ज्येष्ठमध, चहा-कॉफी कमी. गणपतीत दहा दिवस आरत्या आणि ढोलपथकात ओरडून बसलेल्या आवाजालाही हेच लागू. तीन आठवड्यांनंतरही आवाज घोगराच असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरतंतू दुर्बिणीने तपासून घ्या.

१५. मला रक्तदाब आणि मधुमेह आहे, सून गरोदर आहे. आम्ही यातलं काय टाळावं?

रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी, लघवी जास्त होण्याच्या गोळ्या चालू असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी ज्येष्ठमध पोटात घेऊ नये. मीठपाण्याच्या गुळण्या सगळ्यांना चालतात, पाणी गिळायचं नाही एवढंच. मधुमेहात मध, खडीसाखर आणि चघळायच्या गोळ्या यांतली साखर साखरच असते. त्यांच्याऐवजी गुळण्या, साधं हळद-दूध, तुळशीचं पाणी. सूनबाईंना कडक काढे नकोत, आयबुप्रोफेन नको. पॅरासिटामॉल डॉक्टरांना विचारून.

१६. घरगुती उपाय सोडून तडक दवाखाना, असं केव्हा?

श्वास घ्यायला त्रास होतोय, श्वासाला घरघर आहे, लाळही गिळता येत नाही, तोंड उघडत नाही, घशाची एकच बाजू फुगलीय, आवाज तोंडात गरम बटाटा धरल्यासारखा येतोय, मान ताठरलीय, यातलं एक जरी असेल तरी वाट बघू नका. श्वास अडकत असेल तर १०८ ला फोन करा.

मुलाच्या घशात राखाडी, चिकट पडदा दिसला आणि मान सुजली तर तो घटसर्प असू शकतो. हा आजार अजून गेलेला नाही. लसीचे पहिले तीन डोस सगळे घेतात. दीड-दोन वर्षांचा आणि पाच-सहा वर्षांचा बूस्टर, आणि दहाव्या व सोळाव्या वर्षीची टीडीची सुई मात्र राहून जाते. कार्ड काढून आजच बघा.

१७. वडील मिश्री लावतात. दोन महिने घशात उजवीकडे टोचतं म्हणतात, कानही दुखतो. गुळण्या चालू आहेत.

गुळण्या चालू राहू द्या, पण या आठवड्यात कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. तीन आठवड्यांहून जास्त टिकलेलं, एकाच बाजूचं दुखणं, त्यात त्याच बाजूचा कान दुखणं, गळ्याला गाठ, वजन घटणं, आणि माणूस तंबाखू, मिश्री, विडी घेणारा: अशा वेळी कर्करोग नाही ना, हे आधी पाहावं लागतं. लवकर सापडला तर उपचार साधे आणि यश मोठं असतं. ‘गेला असता आपोआप’ म्हणत वडील टाळाटाळ करतील, तरी तुम्ही सोबत जा.

१८. थायरॉइडची गोळी चालू आहे आणि घसा दुखतोय. काही संबंध आहे का?

थायरॉइड कमी असल्याची रोज सकाळची गोळी असेल तर संबंध नाही. थायरॉइड वाढल्यामुळे कार्बिमाझोल चालू असेल तर मात्र आहे. या औषधाने क्वचित पांढऱ्या पेशी एकदम उतरतात आणि त्याची पहिली खूण घसादुखी आणि ताप हीच असते. केमोथेरपी किंवा मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांनाही हे लागू. अशा वेळी काढा करत बसू नका, पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना गाठा आणि त्याच दिवशी रक्तातल्या पेशींची तपासणी करून घ्या. जाताना गोळ्यांचं पाकीट सोबत न्या.